माझ्या टिकलीकडे बघ

"अहो, मशीन जरा हळू सोडा. नारळ पाण्याखाली जातोय."

"नारळ जात नाही गो वासंती, तू दोरी खेचतेस म्हणून तो डुबक्या मारतो."

"मी खेचत नाहीये. मी काटा वाचतेय."

आमचे हे होडीच्या मागच्या टोकाला मशीनपाशी बसले होते. मी बाजूला वाकून, हातात मासळी तोलायचा ताणकाटा धरून बसले होते. काट्याला दोरी, दोरीच्या टोकाला मोठं शहाळं आणि त्या शहाळ्याला पोहायचा गॉगल. माझी नणंद हर्षला मधल्या फळीवर पाय पोटाशी घेऊन हसत होती. धक्क्यावर मासळीच्या टोपल्या लावून बसलेल्या बायकांना तर रोजची करमणूकच झाली होती.

"वहिनी, नारळाक दिसता मां बरोबर?" त्यातली एक ओरडली.

"तुझ्यापेक्षा बरं दिसतंय. तू ये दुकानात, तुझे डोळे तपासते," मी म्हटलं.

काट्यावरचा आकडा आधीच्या गॉगलपेक्षा खाली आला होता. म्हणजे पाणी कमी अडत होतं. कड घासून घासून मी कागदासारखी केली होती, बोटं सोलून निघाली होती, त्याचं चीज झालं असं मला वाटलं. मी काटा हर्षलाच्या नाकासमोर नेला, कारण चष्मा काढलेला असला की तिला त्यापलीकडचं काही वाचता येत नसे.

तिने पाहिलं आणि हसणं थांबवलं. "शर्यत नारळ जिंकेल, वहिनी. मी नाही."

मला राग आला. माझ्या रागाला फार लांबून यावं लागत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. पण तिच्या चेहऱ्याकडे पाहून मी काटा खाली ठेवला.

हे सगळं सुरू झालं ते आदल्या वर्षीच्या शर्यतीपासून. आमच्या मुरवणे बंदरात दर वर्षी पोहण्याची शर्यत होते. खाडीच्या तोंडाशी दिव्याचा खडक आहे, तिथून उडी मारायची आणि धक्क्याला हात लावायचा. वाट दाखवायला नारिंगी बोये सोडलेले असतात. भरती असेतो पोहायचं. ओहोटी लागली की खाडीचं पाणी बाहेर ओढतं, म्हणून जे पाण्यात उरतील त्यांना होडीत उचलतात. मी मिरजेची. आमच्याकडे पोहणं म्हणजे विहिरीत. इथे लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, ही माणसं वेडी आहेत. मग एक वर्ष धक्क्यावर उभी राहून बघितलं आणि मीही त्यांच्यातलीच झाले.

हर्षला पोहण्यात कुणाला ऐकत नव्हती. पण तिच्या एका डोळ्याला मायनस सहा, दुसऱ्याला मायनस आठ, वर तिरपा नंबर वेगळाच. चष्मा काढला की समोर कोण उभं आहे हे ती आवाजावरून ओळखायची. डोळ्यात घालायच्या लेन्स एकदा समुद्रात वापरल्या आणि डोळा असा सुजला, की डॉक्टरांनी कान धरायला लावला. नंबरचा तयार गॉगल मागवला, तर दोन्ही डोळ्यांना एकच नंबर. आदल्या वर्षी ती साध्याच गॉगलने उतरली, पहिल्या तिघींत होती, आणि मधेच कुणाच्यातरी जाळ्याचा बोया शर्यतीचा समजून त्याच्या मागे लागली. सरळ समुद्राकडे. होडी मागे गेली तेव्हा ही जोरजोरात पोहतच होती. तिला वाटलं, आपण सगळ्यांना मागे टाकलं.

गावाला वर्षभर पुरेल एवढं हसायला मिळालं. "हर्षला, गोव्याक पोचलंस काय?" असं पोरंसुद्धा विचारायची. ती हसून दाखवायची. घरी आली की खोलीचं दार लावून घ्यायची, आणि दाराच्या अलीकडे मी उभी असायची.

त्यात पुढच्या शर्यतीच्या आधी खोबरेकर सर माझ्या चष्म्याच्या दुकानात आले. सर शाळेत खेळ शिकवायचे आणि शर्यतीची सगळी जबाबदारी त्यांच्यावर होती. वाचायचा चष्मा न्यायला आले होते. चष्मा नाकावर चढवला, पेपर चाळला आणि हळूच म्हणाले, "वहिनी, हर्षलाला या वर्षी शेजारी होडी घेऊन पोहू दे. होडीवाला वाट दाखवेल."

"म्हणजे क्रमवारीत धरणार नाही तिला."

"नाही धरता येणार. पण पोहायला तर मिळेल. तिला काही झालं तर मी तुमच्या घरी काय तोंड दाखवू?"

माणूस वाईट नव्हता. पण मागे काउंटरपाशी हर्षला उभी होती, आणि तिने मान खाली घातली. ते बघून माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"सर, मी चष्मेवाली आहे," मी म्हटलं. "गावातल्या निम्म्या लोकांना मी दिसायला लावलंय. माझ्या घरातल्या मुलीला बोये दिसत नाहीत म्हणून होडी? तिचा गॉगल मी करणार."

सरांनी थोडा विचार केला. "बरं. पहिल्या बोयापर्यंत होडी तिच्या मागे राहील. सरळ गेली तर होडी तिथेच थांबवतो. वाकडी गेली तर होडी शेजारी, आणि क्रमवारीतून बाद. कबूल?"

"कबूल," हर्षला म्हणाली. माझ्या आधी.

बोलून तर बसले. वडिलांनी लग्नात मला दागिन्यांऐवजी काच घासायचं जुनं मशीन दिलं होतं, ते होतं. फायबरच्या काचा होत्या. बाजारातल्या गॉगलच्या रबरी वाट्या काढून त्यांत माझ्या काचा बसवायच्या, एवढं ठरवलं.

पहिली जोडी मी चष्म्यासारखी केली. बाहेरून फुगीर, आतून खोल. फुगीर बाजूवरून पाणी कसं सुळकन सरकतं, नारळानेसुद्धा काटा अगदी खाली आणला. दुकानात हर्षलाला स्टुलावर बसवलं, तर तिने फळ्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचली. मी खूश. समुद्रात मात्र ती थोड्याच वेळात परत आली.

"डोकं वर काढलं की सगळं छान. पाण्यात घातलं की डोळे ओढल्यासारखे होतात. कपाळ ठणकतंय, वहिनी."

मग ध्यानात आलं. काचेच्या बाहेर हवा असते तेव्हा फुगीर बाजू आपलं काम करते, बाहेर पाणी आलं की तिचा जोर बराचसा जातो, आणि नंबर नको तेवढा वाढतो. मी दुसरी जोडी केली, बाहेरून अगदी सपाट, सगळा नंबर आतल्या बाजूला. आता डोकं पाण्यात असो की बाहेर, दिसणार तेच. सपाट काचेची कड पाण्याला अडते, म्हणून कडेला गालापर्यंत उतार दिला.

त्या जोडीने ती बोयाकडून बोयाकडे सरळ ओळंब्यात गेली. मी होडीत टाळ्या वाजवल्या. पण आमचे हे मागे बसून पाण्याकडे बघत होते.

"सरळ जाते," ते म्हणाले. "पण अशी चालली तर ओहोटी लागेल तिला."

खरंच ती हळू झाली होती. शक्ती तीच, हात तेच, पण अंतर कापलं जात नव्हतं. मला वाटलं, माझीच कड पाणी धरतेय. म्हणून मी कड घासायला बसले, घासली, नारळाला घातली, पुन्हा घासली. आणि सुरुवातीला सांगितलं त्या दिवशी काटा खाली आला, तरी हर्षलाचा वेग होता तेवढाच राहिला. शर्यत तोंडावर आली होती.

त्या संध्याकाळी ती पोहून थेट दुकानात आली. गिऱ्हाइकांसाठी भिंतीला लावलेल्या बाकावर पोटावर पडली, ओल्या केसांसकट, गॉगलसुद्धा काढला नाही. मी चहा गाळत होते.

"मी सरांना सांगते, होडी द्या म्हणून," ती बाकाच्या फळीत तोंड घालून म्हणाली.

"सांग. मग मी तुझ्याशी बोलणार नाही."

"आत्ता तरी बोलतेस कुठे, नुसती ओरडतेस. चहा इकडे दे."

एवढं बोलताना तिने माझ्याकडे पाहिलं. तोंड फळीवरून जरासं सुटलं, पण मान उचलायचा कंटाळा, म्हणून नुसते डोळे वर केले. मी कप घेऊन समोर आले आणि जागच्या जागी उभी राहिले. गॉगलच्या काचेत मला तिचं बुबुळ दिसेना. नुसतं पांढरं. बुबुळ वर गेलं होतं, वरच्या रबराच्या मागे.

"हर्षला, मी दिसतेय का तुला?"

"पाय दिसतायत. तोंड बघायला मान उचलावी लागेल."

"उचलू नकोस. अजिबात हलू नकोस."

इथे मला माझ्या टिकलीबद्दल सांगायला हवं. चष्मा करताना दोन बुबुळांमधलं अंतर मोजावं लागतं, आणि तेवढा वेळ गिऱ्हाइकाची नजर एका जागी हवी. माझे वडील लोकांना म्हणायचे, माझ्या नाकाकडे बघा, की लोक हसायला लागायचे. मी मोठी मरून टिकली लावते. म्हणून मी म्हणते, माझ्या टिकलीकडे बघा. आमच्या गावात हे सगळ्यांना पाठ आहे. लहान मुलं दुकानात शिरता शिरताच माझ्या कपाळाकडे बघायला लागतात. हर्षलाचं मापही मी तसंच घेतलं होतं. तिला स्टुलावर ताठ बसवून, मी समोर ताठ बसून. दर वेळी. जन्मभर मी माणसांना असंच मोजत आले होते, कारण चष्मा लावणारा माणूस बसतो, उभा राहतो, चालतो. पोटावर पडून कोण चष्मा लावतं?

पोहणारी बाई लावते. आणि तिला समोरचं बघायचं तर डोळे भुवयांकडे वर जातात. तिथे माझ्या गॉगलमध्ये रबर होतं. म्हणून ती बोया बघायला मान उचलायची, पार हनुवटी पाण्याबाहेर येईपर्यंत. डोकं वर गेलं की पाय खाली. पाणी अडत होतं ते कडेला नव्हे, तिच्या सगळ्या अंगाला.

मी चहा खाली ठेवला आणि दुकानाच्या फरशीवर आडवी झाले, बाकापासून थोडी लांब, पोटावरच. साडीचं काय झालं ते बघितलं नाही. तेवढ्यात दारातून आमचे हे आत आले. एक बाकावर पालथी, एक जमिनीवर पालथी.

"काय चाललंय काय?"

"तुम्ही मधे येऊ नका," मी म्हटलं. "हर्षला, जशी पाण्यात असतेस तशी राहा. मान नाही, नुसते डोळे. आता माझ्या टिकलीकडे बघ."

तिने बघायचा प्रयत्न केला. मी सरपटत पुढे गेले आणि काचेवर खुणेच्या पेनाने ठिपका दिला, जिथे तिची नजर जात होती तिथे. एका काचेवर, मग दुसरीवर. दोन्ही ठिपके वरच्या कडेला चिकटले. मी उठून बसले. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि आमचे हे माझ्या साडीवरची धूळ झटकत होते.

तिसरी जोडी मी दोन दिवस दुकान बंद ठेवून केली. नजरेची जागा वर नेली. वरचं रबर कापून पातळ केलं, भुवईखाली अगदी चिकटून बसेल असं. काच वरून जरा पुढे कलती ठेवली आणि खाली लांब उतार सोडला. ती दिसायला काही खास नव्हती. दुकानात कुणी विकत मागितली नसती.

ही जोडीही आम्ही नारळाला घातली, सवयीने. काटा वर गेला. आधीच्या जोडीपेक्षा वाईट.

"बघ," हे म्हणाले. "हा जास्त ओढतो. मागचाच दे तिला, वासंती. उगाच शेवटच्या क्षणी नवं काही नको."

"अहो, नारळाला मान असते का?"

 ते दोरी गोळा करायला लागले. "नसते," ते म्हणाले, आणि शहाळं फोडून त्यांनी आम्हा दोघींना पाणी प्यायला दिलं. आमचे हे कमी बोलतात, पण पटलं की असं पटतं.

शर्यतीच्या सकाळी मी धक्क्याच्या अगदी टोकाला जाऊन उभी राहिले. ऊन चढत होतं. खोबरेकर सर दुर्बीण घेऊन माझ्या शेजारी आले. आमचे हे होडीवाल्याबरोबर दिव्याच्या खडकापाशी होते, हर्षलाच्या मागच्या होडीत. मी पदराने कपाळ पुसत होते, पुन्हा पुन्हा, काही घाम नसतानासुद्धा.

"जाळ्याचे बोये आजही आहेत मध्ये," सर म्हणाले. "कोळ्यांना सांगून काढले असते, पण दोघांनी ऐकलं नाही."

"राहू देत," मी म्हटलं. तोंडाने म्हटलं. 

शिट्टी लांबून आली. टोप्या पाण्यात पडल्या आणि सगळं पांढरं झालं. हर्षलाची टोपी पिवळी. मला ती सापडेना.

"सर, दिसते का?"

"थांबा." त्यांनी दुर्बीण फिरवली. "आहे. मधल्या घोळक्यात आहे."

"वाकडी जातेय?"

त्यांची दुर्बीण पाण्यावरून हलेना. मला त्यांची दुर्बीण हिसकावून घ्यावीशी वाटली. मग ते म्हणाले, "ही डोकं वर काढतच नाहीये. न बघताच पोहतेय की काय?"

"बघतेय," मी म्हटलं. "तिचं बघणं तुम्हाला दिसणार नाही."

जाळ्याच्या बोयांशी घोळका जरा उजवीकडे सरकला. पिवळी टोपी सरकली नाही. ती पहिल्या नारिंगी बोयाला वळसा घालून निघाली, आणि लांबवर मला होडी दिसली, थांबलेली. होडीत एक माणूस उभा राहून दोन्ही हात हलवत होता. ते आमचे हे होते. एवढ्या वर्षांत मी त्यांना हात हलवताना कधी पाहिलं नव्हतं.

"वहिनी," सर म्हणाले, "होडी थांबली."

"मला दिसतंय. माझे डोळे चांगले आहेत."

मग ती जवळ यायला लागली. पाय वर, अंग सपाट, दर थोड्या वेळाने टोपी जराशी पुढे उचलायची आणि खाली जायची. भरती अजून भरलेली होती. मी मोठ्याने काहीतरी ओरडत होते, काय ते आता आठवत नाही. तिने धक्क्याच्या पायरीला हात लावला, आणि सरांनी कागदावर तिचं नाव लिहिलं. सातवी. बक्षीस पहिल्या तिघींना होतं. सातवीला टाळ्या मिळतात. पण नाव इतरांबरोबर, त्याच यादीत, शेजारी कसलीही खूण न करता लिहिलं होतं. सर लिहून झाल्यावर माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "माझं चुकलं नव्हतं. पण तुमचं बरोबर होतं." मला हे फार आवडलं.

मी पायऱ्या उतरून पाण्यापाशी गेले. हर्षला पायरीला धरून धापा टाकत होती, गॉगल अजून डोळ्यांवर. मी हात पुढे केला. ती वर यायच्या आधी हसायला लागली. श्वास पुरत नव्हता तरी हसत होती.

"काय झालं?" मी विचारलं. "दमलीस का? दुखतंय का कुठे?"

"वहिनी," ती म्हणाली, "तुझी टिकली सरकलीय. डाव्या भुवईवर आलीय."

मी कपाळाला हात लावला. खरंच आली होती. सकाळपासून पदराने पुसून पुसून. धक्क्यावरच्या एवढ्या माणसांत कुणालाच दिसली नव्हती, किंवा कुणी सांगितली नव्हती.

"आत्ता दिसली?"

"नाही गं. मघाशीच. नावा बांधलेल्या आहेत ना, तिथून. मान न उचलता." तिने पुन्हा श्वास घेतला. "धक्क्यावर कोण कुठे उभं आहे, सगळं दिसत होतं मला. तू टोकाला होतीस. मी म्हटलं, हिची टिकली बघत जाऊया. म्हणून सरळ आले."

 मी तिचा ओला हात धरून तिथेच पायरीवर बसले, साडी भिजली तरी. माझा ऊर एवढा भरून आला होता, की खाडी त्यापुढे काही नाही असं मला त्या वेळी वाटलं, आणि आजही वाटतं.

कुणीतरी त्याच वेळी आमचा फोटो काढला. त्यानंतर मी पोहणाऱ्या पुष्कळ जणांना गॉगल करून दिले, लांबून लांबून लोक येतात, आणि दुकानात आले की आधी बाकावर पालथे पडतात. तो फोटो काउंटरच्या मागे लावलेला आहे. नवीन माणूस माप देताना हमखास त्याकडे बघतो आणि संकोचून म्हणतो, "बाई, फोटोत तुमची टिकली वाकडी आहे."

"असू दे," मी म्हणते. "आमच्या हर्षलाला ती पाण्यातून दिसली होती."